माहेरगीते

माहेरगीते : सासरी नांदणाऱ्या स्त्रीच्या मनातील माहेराची ओढ, तेथे परतण्याची प्रतीक्षा, परतीचा प्रवास, माहेरचा मुक्काम आणि पुन्हा सासरी निघण्याची घडी हे ज्यांचे विषय आहेत, अशी मराठी लोकगीते. माहेरगीत हे ओवी किंवा फुगडीगीत ह्यांसारख्या एखाद्या रचनाप्रकाराचे नाव नव्हे. जात्यावरच्या ओव्या, नागपंचमीची व झिम्मा-फुगडीची गाणी, गौरीची गाणी, हादगा-भोंडल्याची व भुलाबाईची गाणी, खानदेशातील आखाजीची गाणी, डोहाळे इ. अनेक प्रकारांत आढळणाऱ्या एका समान आशयसूत्राला येथे ते दिले आहे. ह्या गीतांत झाडे, वेली, नद्या, पाखरे, पाऊस आणि चंद्रसूर्य ह्यांचा वावर विपुल आहे. त्यामुळे रम्य निसर्ग आणि हळवे स्मरण ह्यांचा मिलाफ म्हणून त्यांचे कौतुक करण्याचा प्रघात पडला. तो अपुरा आहे. ह्या गीतांतील निसर्ग ही पार्श्वभूमी नसून परतीची मुदत ठरविणारा, निरोप नेणारा आणि नात्याची साक्ष देणारा घटक आहे; आणि त्यांतील स्मरण हे गतकाळाचे रंजन नसून, जिथे आपला कायमचा वाटा उरलेला नाही अशा घरावरील हक्काचे पुनःपुन्हा केलेले उच्चारण आहे.

संज्ञा : ‘माहेर’ हा शब्द संस्कृत ‘मातृगृह’ ह्या शब्दापासून प्राकृतद्वारा आला, असे मानले जाते, ‘सासर’ हा ‘श्वशुरगृह’ ह्यापासून. मराठीत सासर हे सासऱ्याचे, तर माहेर हे आईचे घर ठरले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ते घर व त्याची जमीन बापाच्या नावावर असे. भाषेने मात्र ते आईला दिले. हिंदीतील ‘मायका’ हा शब्द ह्याच धाटणीचा आहे. ‘पीहर’ हा मात्र पित्याच्या घराचा निर्देश करतो. कोकणीत ह्या घरास ‘कुळार’, तर कन्नडमध्ये ‘तवरु’ म्हणतात. माहेराभोवती मराठीत एक स्वतंत्र शब्दसंपदा जमली आहे. लेकीला आणण्यासाठी निरोप वा माणूस पाठविणे म्हणजे ‘मूळ’ धाडणे. जो न्यायला येतो तो ‘मुराळी’, आणि तो बहुधा भाऊ असतो. माहेरी आलेली ती ‘माहेरवाशीण’, सासरी नांदणारी ती ‘सासुरवाशीण’ आणि खणचोळी देऊन केलेली पाठवणी ही ‘बोळवण’. एकाच स्त्रीला घरपरत्वे दोन नावे मिळावीत आणि दोन्ही नावांत ‘वास’ म्हणजे राहणे असावे, ह्यातच ह्या गीतांचे मूळ दुखणे सामावले आहे : ती दोन्हीकडे राहते, पण कोणतेही घर तिच्या नावाचे नसते.

सामाजिक पार्श्वभूमी : ही गीते ज्या काळात घडली, त्या काळात मुलीचे लग्न लहान वयात होई. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविणारा बालविवाह प्रतिबंधक अधिनियम १९२९ साली संमत झाला. तो झाल्यानंतरही ग्रामीण भागात जुनी रीत दीर्घकाळ टिकली. खेळण्याच्या वयात मुलगी परक्या घरी जाई आणि माहेरची आठवण ही तिच्या दृष्टीने बालपणाचीच आठवण असे. त्यामुळे माहेरगीतांतील भूदृश्य हे पुष्कळदा मुलीच्या उंचीवरून पाहिलेले असते : अंगणातील वृंदावन, परसातील जाईजुई, विहिरीची वाट, झोका बांधलेली फांदी. इरावती कर्वे (१९०५–७०) ह्यांनी भारतातील नातेसंबंधांच्या आपल्या अभ्यासात महाराष्ट्राचे स्थान उत्तरेकडील व दक्षिणेकडील पद्धतींच्या दरम्यान असल्याचे दाखवून दिले. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह संमत असल्याने मुलगी कधी आत्याच्याच घरी सून म्हणून जाई. सासर-माहेर ही दोन गावे एकमेकांना अपरिचित नसत, आणि सणावारी जाणे-येणे शक्य असे. मराठी माहेरगीतांचा सूर म्हणूनच कायमच्या ताटातुटीचा नाही. तो अडवून धरलेल्या भेटीचा आहे. अंतर कोसांचे थोडे आणि परवानगीचे मोठे, अशी ही स्थिती होय.

रचनाप्रकार व सादरीकरण : माहेरगीतांचे सर्वांत मोठे भांडार जात्यावरच्या ओव्यांत आहे. पहाटे, घर निजलेले असताना, एक किंवा दोघी बायका दळायला बसत. खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ओवी म्हटली जाई. एकीने सुरुवात करावी आणि दुसरीने ती उचलून धरावी, अशी रीत असे. ही ओवी बहुधा दोन ओळींची, यमकाने बांधलेली आणि स्वयंपूर्ण असते. दळणाच्या आरंभी देवांना, नंतर आईबापांना, भावाला व लेकरांना ओव्या अर्पण केल्या जात. जात्याची घरघर बाहेरच्या कानांपासून गाणे झाकत असे. म्हणून सासूसमोर जे बोलता येत नाही, ते जात्यापाशी बोलता येई. ह्याउलट झिम्मा, फुगडी, हादगा ह्यांची गाणी समूहाची, मोकळ्या अंगणातील व खेळाची आहेत. ओवीत जे दुःख एकटीचे आणि गंभीर आहे, तेच खेळगीतांत सर्वांचे आणि हसण्यासारखे होते. माहेरगीतांचे मूल्यमापन करताना हे दोन सूर वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.

ऋतुचक्र आणि परतीची वेळ : माहेरी जाण्याची वेळ स्त्रीच्या इच्छेवर नव्हे, तर पंचांगावर आणि शेतीच्या कामांवर ठरे. ह्यामुळे निसर्ग माहेरगीतांत प्रथम येतो, तो कालमापक म्हणून. देशावर आषाढातील पेरणी-लावणीची घाई ओसरली की श्रावण शुद्ध पंचमीला नागपंचमी येते. त्या दिवशी शेत नांगरू नये, काही चिरू-कापू नये, चुलीवर तवा ठेवू नये, असे संकेत आहेत. म्हणजे राबणाऱ्या हातांना धर्मानेच दिलेली ती सुट्टी होय. झाडांना झोके बांधले जातात आणि भाऊ मुराळी होऊन येतो. नागालाही ह्या दिवशी भाऊ मानतात, त्यामुळे जिला सख्खा भाऊ नाही, तिलाही ह्या सणात एक भाऊ मिळतो. खानदेशात माहेराचा मोठा सण वैशाखातील अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी हा आहे. रबीची कामे संपलेली व खरिपाची सुरू व्हायची, असा हा मधला काळ. कडक उन्हात निंबाच्या फांद्यांना झोके टांगून गौराईची गाणी म्हटली जातात. देशावरच्या गीतांत माहेर हिरवे व ओले असते, तर खानदेशात ते सावलीचे असते. निसर्गचित्रातील हा फरक कवीच्या कल्पनाशक्तीचा नसून पीकपाण्याच्या वेळापत्रकाचा आहे.

भाद्रपदातील गौरी ही स्वतःच माहेरवाशीण होय. आवाहन, पूजन व विसर्जन असा तिचा तीन दिवसांचा मुक्काम असतो. कोकणात अनेक ठिकाणी पावसाळ्यात रानोमाळ उगवणाऱ्या तेरड्याची रोपे आणून त्यांनाच गौर मानतात; म्हणजे माहेरी येणारी देवी तेथे अक्षरशः वनस्पतिरूप असते. विदर्भ-खानदेशातील भुलाबाई हे पार्वतीचे रूप. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तिची गाणी टिपऱ्यांच्या तालावर म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील हादगा सूर्याच्या हस्त नक्षत्रप्रवेशापासून सुरू होऊन १६ दिवस चालतो, तर भोंडला बहुधा नवरात्रात होतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. पाऊस परतीच्या वाटेवर असताना मुलींनी परतीची गाणी गावीत, हा योग अर्थपूर्ण आहे. देवतांच्या ह्या माहेरपणामुळे मर्त्य स्त्रीच्या मागणीला एक आधार मिळतो. साक्षात पार्वतीला वर्षातून एकदा माहेरी धाडतात, तर सुनेला का नाही, हा प्रश्न कोणत्याही गीतात स्पष्ट विचारला नाही, तरी सर्व गीतांच्या मुळाशी तो असतो. देवीचा मुक्कामही मोजक्या दिवसांचाच असतो, ही मर्यादा मात्र त्याच आधारातून पक्की होते.

वाढ आणि प्रतीक्षा : निसर्गाचा कालमापक म्हणून झालेला सर्वांत सूक्ष्म उपयोग भोंडल्यातील कारल्याच्या वेलाच्या प्रसिद्ध गाण्यात दिसतो. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू तिला आधी कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावून झाला की त्याला फूल येईपर्यंत थांबायचे, मग कारले लागेपर्यंत, मग त्याची भाजी होईपर्यंत. अशी अट एकेका पायरीने पुढे सरकते. सर्व पूर्ण झाल्यावर सासू तिला सासऱ्याकडे पाठविते, सासरा दिराकडे, दीर आणखी कोणाकडे. अशी ती घरभर फिरत अखेर नवऱ्यापाशी पोहोचते. गाण्याच्या पाठांत तपशिलाचे भेद आहेत. पण आराखडा एकच आहे.

ह्या गाण्याची रचना वरवर साखळीगीताची, लहान मुलांच्या खेळाला शोभणारी आहे. तिचा आशय मात्र कठोर आहे. वेलीला घाई करता येत नाही. तिची वाढ तिच्या गतीनेच होते. सासूने घातलेली अट म्हणजे नकार नव्हे, केवळ विलंब आहे, आणि तो विलंब निसर्गाच्या नावावर जमा केला आहे. त्यातही वेल मोगऱ्याचा नाही, कारल्याचा आहे : जे लावायचे, वाढवायचे, रांधायचे, ते शेवटी कडूच. माणसांची साखळी सुरू होते, तेव्हा ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट उमगते. वेलीने आपला शब्द पाळला, वेळेवर फूल आणि फळ दिले. शब्द पाळला नाही तो माणसांनी. निसर्ग आणि कुटुंब ह्यांची ही तुलना गाण्यात कोठेही उच्चारलेली नाही. ती रचनेतूनच घडते. लोकगीताच्या कलेचा हा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

निरोप आणि वाट : ज्या स्त्रीला लिहिता येत नाही आणि उंबऱ्याबाहेर एकटीने जाता येत नाही, तिच्या निरोपाचे वाहक पाखरे, वारा, नदी व चंद्र हेच असतात. कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही लोकसमजूत ओवीत नव्या अर्थाने येते. अन्यत्र अशुभ मानलेला हा पक्षी सासुरवाशिणीचा विश्वासू दूत ठरतो. राघू आणि मैना ही जोडी ओव्यांत भाऊ-बहिणीची किंवा लेक-लेकीची नावे म्हणून रूढ आहे. पिंजऱ्यातील मैना आणि मोकळा राघू हा भेद त्या नावांतच दडलेला असतो. चंद्र दोन्ही गावांतून दिसतो, म्हणून तो भेटीचा पर्याय होतो. नदीचे काम दुहेरी असते. माहेराकडून वाहत येणारे पाणी तिकडचा स्पर्श आणते, आणि तीच नदी पावसाळ्यात भरली की मुराळ्याची वाट अडविते.

माहेरच्या वाटेचे वर्णन ह्या गीतांत विशेष तपशिलाने येते. वाटेवरचा वड, पाणवठा, ओढा, देऊळ, गावाची शीव ह्या खुणा क्रमाने लागतात. हा क्रम म्हणजे ज्या मुलीने वाट एकदाच, रडत रडत, उलट दिशेने पाहिली होती, तिने मनात जपलेला नकाशा आहे. सासरच्या वाटेवर बाभळ व काटे, माहेरच्या वाटेवर आंबा व सावली, अशी वाटणी ओव्यांत वारंवार आढळते. एकाच रस्त्याची ही दोन वर्णने आहेत, हे ध्यानात घेतले, म्हणजे निसर्ग येथे डोळ्यांनी नव्हे तर दिशेने पाहिला जातो, हे स्पष्ट होते.

आदर्शीकरण आणि विनोद : माहेरगीतांवर एकांगीपणाचा आक्षेप घेतला जातो. माहेरचे सारे गोड व सासरचे सारे कडू, असे चित्र वास्तवाला धरून नाही, असे म्हटले जाते. ओव्यांपुरता हा आक्षेप काही अंशी खरा आहे. तेथे आई ही साखर, तुळस वा गंगा असते आणि तिच्या रागाचा वा माहेरच्या दारिद्र्याचा उल्लेख क्वचितच होतो. परंतु खेळगीतांनी ह्या आदर्शीकरणाची स्वतःच थट्टा केली आहे. भोंडल्याच्या एका परिचित गाण्यात सासरचा वैद्य आणि माहेरचा वैद्य ह्यांची वर्णने समोरासमोर ठेवली आहेत. पहिल्याचा सगळा वेश फाटका व हास्यास्पद, तर दुसऱ्याचा त्याच क्रमाने देखणा व भारी. ही अतिशयोक्ती इतकी उघड आहे की, ती गाणाऱ्या मुलींनाही खरी वाटत नसणार. आपली ओढ आंधळी आहे, हे जाणून ती हसत मिरविणे, असा हा प्रकार आहे. गाणाऱ्यांत काही लेकी व काही सुना असत, आणि आजची लेक ही उद्याची सून व परवाची सासू असे. त्यामुळे ह्या थट्टेत कोणी एक बाजू कायमची दोषी ठरत नाही.

भाऊ, भावजय आणि वाटा : माहेरगीतांचा खरा कस भावाविषयीच्या ओव्यांत लागतो. आईबाप असेतो माहेर निश्चित असते; त्यांच्या पश्चात ते भावाच्या मर्जीवर आणि भावजयीच्या वागणुकीवर अवलंबून राहते. ओव्यांतील भावजय तोंड फिरविते, पाणी द्यायला उशीर करते, बहिणीच्या चोळीची किंमत काढते. ती दुष्ट म्हणून नव्हे, तर आता ते घर तिचे आहे म्हणून. तिचेही माहेर दुसऱ्या गावी असतेच. ह्या पेचातून बहीण भावाच्या वैभवाची स्तुती करते : त्याच्या मळ्याची, मोटेची, बैलजोडीची, डोलणाऱ्या जोंधळ्याची, भरलेल्या खळ्याची. माहेरगीतांतील शेतीची सर्वांत समृद्ध वर्णने ह्याच ओव्यांत आहेत. त्यांकडे केवळ निसर्गवर्णन म्हणून पाहिले, तर त्यांतील मर्म निसटते. ज्या शेताचे ती इतके बारकाईने वर्णन करते, त्यातला एक वाफाही तिचा नाही. ती भावाकडे शेत मागत नाही; खण मागते, चोळी मागते, दिवाळीला येणारे मूळ मागते. जमिनीचा त्याग आणि येण्याजाण्याचा हक्क ह्यांचा हा अलिखित करार आहे. भावाचे पीक वाढावे, ही तिची प्रार्थना प्रेमाची आहेच. पण त्या पिकावरच तिचे येणे अवलंबून आहे, हेही तितकेच खरे.

हा करार कायद्याने बदलला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली त्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहदायकी हक्क दिला. तथापि ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी ज्यांचे विवाह झाले होते, त्या मुली त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे गीतांतील माहेरवाशीण नेमकी वगळली गेली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची ही अट राहिली नाही. तरीही भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची प्रथा मोठ्या प्रमाणावर चालू आहे, आणि त्यामागे अनेकदा हीच भावना असते की, वाटा मागितला तर माहेर तुटेल. ओवीने जे शतकानुशतके गायिले, तेच हक्कसोडपत्रावरील सही सांगते. माहेरगीतांना केवळ हळवे मानणाऱ्या समीक्षेने ह्या व्यवहाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

विस्तारलेले माहेर : आईबाप गेले आणि भावाचे दार आटले की, ओवीतील स्त्री दुसरे माहेर शोधते. वारकरी परंपरेने ते तिला पंढरपुरात दिले. एकनाथांनी (सोळावे शतक) अभंगात पंढरीला माहेर म्हटले आणि विठ्ठल-रुखमाईसह चंद्रभागेलाही नात्यात गोवले. जनाबाईच्या नावावरील रचनांत विठ्ठल स्वतः जात्यापाशी येऊन दळू लागतो. ओव्यांत ह्या कल्पनांना घरगुती रूप आले. आषाढीची वारी हीच माहेरची फेरी, वाळवंट हे अंगण आणि तुळस ही दोन्ही घरांना जोडणारी खूण. येथे परवानगी लागते ती कमी आणि भावजयीचा प्रश्न येत नाही. मराठवाड्यातील आंबेडकरी स्त्रियांच्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) भाऊ किंवा बाप ह्या नात्याने येतात. ज्यांना गावाने कधी पूर्ण घर मानले नाही, त्यांनी माहेराची कल्पना एका माणसाभोवती आणि त्याने दिलेल्या मानाभोवती उभी केली. माहेर ही जागा नसून निःशंकपणे स्वीकारले जाण्याची अवस्था आहे, ही गोष्ट ह्या दोन्ही विस्तारांतून सिद्ध होते.

तुलना : अभिजात साहित्यातील कन्येच्या निरोपाचा श्रेष्ठ प्रसंग म्हणजे कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतल नाटकाचा चौथा अंक. तेथेही निसर्ग नातेवाईक आहे. आश्रमातील वृक्ष शकुंतलेला वस्त्रालंकार देतात, हरणाचे पाडस तिचा पदर धरते. हा तपोवन पुन्हा केव्हा दिसेल, असे ती विचारते. कण्वांचे उत्तर असे की, पुत्राला राज्यावर बसवून झाल्यावर, पतीसह, उतारवयात. अभिजात काव्याने परतीची वेळ आयुष्याच्या शेवटी ढकलली आणि त्या विलंबाला आश्रमधर्माचे सौंदर्य दिले. मराठी ओवीने हे उत्तर मान्य केलेले नाही. तिला दरवर्षी, पंचमीला, आणि पतीशिवाय यायचे आहे. कालिदासाची झाडे मुलीला निरोप देतात. ओवीतील झाडे तिला बोलावतात. उत्तर कर्नाटकातील कन्नड दळणगीतांत ‘तवरु’विषयी, तसेच उत्तर भारतातील श्रावणगीतांत भावाने न्यायला येण्याविषयी ह्याच जातीची भावना आढळते. त्यामुळे परतीचा हा आग्रह मराठीपुरता नाही. मात्र परवानगीच्या साखळीचे विनोदी नाट्य मराठी खेळगीतांत विशेष खुलले आहे.

संकलन व अभ्यास : साने गुरुजी (१८९९–१९५०) ह्यांनी स्त्रीजीवन ह्या संग्रहात ओव्या विषयवार लावून त्यांवर विवेचन लिहिले; माहेर, भाऊ-बहीण ही प्रकरणे त्यात ठळक आहेत. कमलाबाई देशपांडे ह्यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी वापरली जाणारी ही संज्ञा ‘पुरुषाने न रचलेले’ अशा अर्थी योजून त्यांनी ह्या गीतांच्या कर्तृत्वाचा मुद्दा पुढे आणला. दुर्गा भागवत (१९१०–२००२) ह्यांनी लोकसाहित्याच्या शास्त्रीय अभ्यासाची बैठक घातली, तर सरोजिनी बाबर (१९२०–२००८) ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने प्रदेशवार गीतांचे अनेक खंड प्रसिद्ध केले. इंदिरा संत (१९१४–२०००) ह्यांनी मालनगाथा ह्या ग्रंथात ओव्यांचे कवयित्रीच्या नजरेने वाचन केले. तारा भवाळकर ह्यांनी ओव्यांतील स्त्रीचा आत्मस्वर उलगडून दाखविला. पुण्यातील गी पॉइत्व्हाँ व हेमा राईरकर ह्यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या स्त्रियांकडून गोळा केल्या आणि गाणारीचे नाव व गाव नोंदवून ठेवले. त्या २०१७ पासून ध्वनिमुद्रणांसह महाजालावर उपलब्ध होऊ लागल्या. जुन्या संग्रहांत ओवी ‘लोकांची’ म्हणून निनावी छापली जाई. ह्या संकलनाने ती गाणारीच्या आयुष्याशी पुन्हा जोडली. हे कार्य माहेरगीतांच्या अभ्यासात विशेष मोलाचे आहे, कारण कोणत्या वयाची, आईबाप असलेली की नसलेली बाई गाते आहे, ह्यावर माहेराचा अर्थ बदलतो. जुन्या संकलकांनी कोमल ओव्यांना झुकते माप दिले आणि भाषा बरीच प्रमाण केली, हा दोषही नोंदविला पाहिजे.

लिखित साहित्यातील पडसाद आणि स्थित्यंतर : बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांची कविता मौखिक परंपरा व लिखित काव्य ह्यांच्या सीमेवर उभी आहे. जळगावजवळील आसोदे हे त्यांचे माहेर. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. माहेराच्या वाटेवर दगडधोंडे, ठेचा व ऊन असूनही ती सुखाची वाटते, ही ओव्यांतील भावना त्यांच्याकडे आहेच; पण आईने सासरी नांदायचे ते आपल्या लेकीला पुढे माहेर असावे म्हणून, असा विचार मांडून त्यांनी साऱ्या परंपरेला नवे वळण दिले. माहेर हे मागे सोडलेले घर नसून एका स्त्रीने दुसरीसाठी राखलेले घर आहे, असा त्याचा अर्थ होतो. ‘मातृगृह’ ही व्युत्पत्ती येथे सार्थ ठरते. ह्याउलट माहेरची साडी (१९९१) ह्या अत्यंत लोकप्रिय मराठी चित्रपटाने छळणारे सासर व त्यात पिचणारी सून ह्या साच्यातून माहेराची ओढ रंगविली. खेळगीतांतील हसू व ओव्यांतील संयम त्यात लोपला.

विजेच्या व इंजिनाच्या गिरण्या खेडोपाडी आल्यानंतर जाते मागे पडले आणि ओवीचा रोजचा प्रसंग संपला. लग्नाचे वय वाढले, रस्ते झाले, दूरध्वनी हाती आला. मुळशी, कोयना ह्यांसारख्या जलाशयांखाली गावे गेली, तेथल्या लेकींच्या वाटेवरील वड व पाणवठेच उरले नाहीत. भोंडला शहरांत व परदेशांतील महाराष्ट्र मंडळांत हौसेने होतो. तेथे कारल्याचा वेल म्हणणाऱ्या पुष्कळ जणींना माहेरी जाण्यासाठी सासूची परवानगी लागत नाही. विमानाचे तिकीट व कचेरीची रजा लागते. तेथे हे गाणे बरेचसे स्मरणरंजन झाले आहे. मूळ गीतांना मात्र ते नाव लावता येत नाही. त्यांतील स्त्री भूतकाळात रमत नव्हती. पुढच्या पंचमीला मूळ येईल की नाही, ह्याचा हिशेब करीत होती. झाडे, पाखरे व पाऊस ह्यांना तिने त्या हिशेबात साक्षीदार केले, कारण घरात तिच्या बाजूने साक्ष देणारे दुसरे कोणी नव्हते. माहेरगीतांतील निसर्ग इतका जिवंत वाटतो, ह्याचे कारण हेच होय.